मामांचं शूटिंग

"ताई, ह्यो कॅमेरा बिघडल्याला न्हाई," शिकलगार म्हणाले. "ह्यो बिघडवल्याला हाय."

मी त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या स्टुलावरून उठून काउंटरपाशी गेले. "म्हणजे काय?"

"म्हंजे कुणीतरी मुद्दाम बंद केलाय. हिकडं बघा."

त्यांनी डोळ्याचं भिंग काढून माझ्या हातात दिलं. मला त्यातून आधी माझीच पापणी दिसली, मग काळं धुकं, आणि मग कॅसेट घालायच्या झाकणाच्या कडेला मोहरीएवढा पिवळा ठिपका.

"ही पितळंची खीळ हाय. झाकण आन् सांगाडा, दोन्हीतनं आरपार घातल्याली. वरनं घासून सपाट केलीया, पालिश मारलंय. बोट फिरवलं तरी लागत न्हाई. इतकी वर्सं झाली मला ह्या धंद्यात, सांगली-मिरज-कोल्लापूर कुटं बी इचारा शिकलगार कोण म्हणून, पर असलं काम म्या बघितलं न्हाई. ह्ये मेकॅनिकचं न्हवं. सोनाराचं हाय."

शिकलगारांना स्वतःचं कौतुक स्वतः करायची सवय होती, त्यामुळे त्यांच्या बोलण्यातलं निम्मं मी एव्हाना कानाआड करायला शिकले होते. पण शेवटचा शब्द कानाआड झाला नाही. कारण कॅमेरा माझ्या मामांचा होता, आणि मामा सोनार होते.

मामा म्हणजे दिगंबर पोतदार, माझ्या आईचे धाकटे भाऊ. मिरजेत त्यांचं दुकान होतं आणि देवाचे टाक घडवण्यात त्यांचं नाव होतं. खंडोबा, भवानी, जोतिबा, कुणाचंही कुलदैवत असो, चांदीच्या पत्र्यावर ते असं उठवायचे की लोक दुकानातच हात जोडायचे. सोवळ्याओवळ्याचे इतके कडक की घरात कुणाचं लांबचं सुतक असलं तरी टाकाच्या हत्यारांना हात लावायचे नाहीत. माझ्या लग्नाच्या वर्षी त्यांच्या एका मित्राने दुबईहून हा कॅमेरा आणून दिला. खांद्याला पट्टा, वर डोळा लावून बघायचं बारकं भिंग, आत छोटी कॅसेट. मामा जाहीर करून मोकळे झाले की वैजूच्या लग्नाचं शूटिंग बाहेरचा कुणी करणार नाही, मीच करणार.

आणि त्यांनी ते केलं. म्हणजे कॅमेरा डोळ्याला लावून पूर्ण लग्नभर उभे राहिले. पुढे आम्ही कॅसेट मागायला लागलो तेव्हा म्हणाले, कॅसेट आतच अडकली, निघत नाही. एवढंच. माझ्या लग्नाचं एक मिनिटसुद्धा कुणाला बघायला मिळालं नाही. तेव्हापासून आमच्या घरात कुठलंही काम फसलं की त्याला 'मामांचं शूटिंग' म्हणतात. भात करपला, मामांचं शूटिंग. पोरगा नापास झाला, मामांचं शूटिंग. मामांच्या तोंडावरही म्हणायचे लोक. मामा काही बोलायचे नाहीत. पण त्यानंतर ते कुणाच्याही लग्नामुंजीला आले नाहीत. आहेर पाठवायचे, स्वतः यायचे नाहीत. चेष्टा झाली म्हणून रुसलेत, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. टाक घडवणंही त्यांनी त्याच सुमारास सोडलं. डोळ्यांना झेपत नाही म्हणाले.

मला त्या कॅसेटमधलं लग्न नको होतं. मला त्यातली आई हवी होती.

आई माझ्या लग्नाच्या दिवशी गेली. हृदयाचं दुखणं. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात तिला ॲडमिट केलं होतं. लग्न पुढे ढकलायचा विषय निघाला की ती पलंगावर उठून बसायची, म्हणून कुणी विषयच काढेना. शेवटी हॉस्पिटलच्या पलीकडच्या गल्लीतलंच कार्यालय घेतलं. जमलंच तर तिला अक्षता टाकण्यापुरतं खुर्चीतून आणायचं, असा बेत होता. ते काही जमलं नाही. मीच मामांना म्हटलं होतं, "सकाळी हॉस्पिटलात जा आणि आईचंपण शूटिंग घ्या हं. तिचा आशीर्वाद घ्या." आणि ते गेले होते.

आईचा आवाज आमच्याकडे कशातच नव्हता. फोटो होते, आवाज नाही. आता माझ्या लेकीचं, सईचं लग्न ठरलं आणि माझ्या डोक्याने घेतलं की सईच्या लग्नात तिच्या आजीचा आशीर्वाद ऐकू यायला हवा. मामांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी चार दिवस मिरजेला सोबतीला आले होते. मामी गेल्यापासून ते एकटेच होते. मी सरळ विचारलं.

"मामा, तो कॅमेरा दुरुस्त करून आणू का?"

"नको."

"अहो, आता होतात दुरुस्त. सांगलीत एक जण आहेत म्हणे."

"नको म्हटलं ना वैजू. मेलेलं आहे ते. राहू दे."

मी कधी कुणाचं ऐकलंय? दुसऱ्या दिवशी भाजीच्या पिशवीत कॅमेरा घातला, वर मेथीची जुडी ठेवली, डोळ्यावर पट्टी बांधलेल्या मामांना "बाजारात जाऊन येते" म्हटलं आणि सांगलीची रिक्षा पकडली.

आणि आता शिकलगार म्हणत होते, सोनाराचं काम आहे.

"काढता येईल?" मी विचारलं.

"मला न येणारं काय असतंय?" असं म्हणून त्यांनी चिमटा घेतला.

खीळ निघायला बराच वेळ लागला. निघाली तेव्हा शिकलगारांनी ती तळहातावर घेऊन मला दाखवली. सोन्याच्या तोड्याला असते तशीच, पण इतकी बारीक की श्वास जोरात सोडला असता तर उडाली असती. मामांचं काम. मला ते काम लहानपणापासून माहीत होतं. या माणसाने आमच्या सगळ्यांची चेष्टा इतकी वर्षं ऐकून घेतली, आणि कॅसेट अडकलेलीच नव्हती.

"का केलं असेल असं?" मी म्हटलं.

"आत असं कायतरी असंल जे कुणी बघू ने."

"मग फेकूनच द्यायचा ना!"

शिकलगारांनी माझ्याकडे पाहिलं. "सोनाराकडं हातोडा न्हवता व्हय? मोडायचं असतं तर मोडलं असतं की. मोडवलं न्हाई, म्हणून तर कुलूप घातलं."

त्यांनी कॅमेऱ्याचं पोट उघडलं. आतल्या पट्ट्यांचा डांबरासारखा चिकट लगदा झाला होता. तो पुसत, नवे पट्टे बसवत, मधेच कुणाच्या तरी कॅमेऱ्याची आणि स्वतःच्या हुशारीची गोष्ट सांगत त्यांनी काम केलं. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मामांना काय लपवायचं असेल? भांडण झालं असेल का, आई काही वाईट बोलली असेल का माझ्या वडिलांबद्दल, माझ्या सासरच्यांबद्दल? माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. त्यातलं एकही खरं निघालं नाही.

"एकच बघा," टीव्हीला वायर जोडता जोडता शिकलगार म्हणाले. "टेप जुनी हाय. एकदा चालंल, दोनदा चालंल. म्या संगट उतरवून घेतुया. पर मधी थांबवा, मागं न्या, असलं सांगू नगा."

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर मुंग्या आल्या, एक निळी रेघ वरून खाली गेली, आणि आई दिसली.

उशीला टेकून बसलेली. केसांचा अंबाडा घातलेला, अंगावर लग्नासाठी घेतलेली जांभळी साडी, नुसती खांद्यावरून पांघरलेली. कपाळाला मोठं कुंकू. मी तिला विसरले नव्हते, पण ती अशी हलते हे मी विसरले होते. मान जराशी तिरकी करून ती कॅमेऱ्याकडे संशयाने बघत होती.

"सुरू आहे का रे ते, दिगू?"

"सुरू आहे अक्का. बोल." हा मामांचा तरुण आवाज.

"काय बोलू? वैजू, नथ मळसूत्राची आहे. घट्ट पिळ. नाहीतर पंगतीत ताटात पडेल."

"अक्का, आशीर्वाद दे की गं."

"देतेय की. नथ सांभाळ, हाच आशीर्वाद. बाकी तुझं तू बघशील, तू काही ऐकणाऱ्यातली नाहीस." ती हसली. मग पुढे वाकून कॅमेऱ्याच्या वर बघायला लागली. "आणि अरे, तुझी टोपी बघ आधी. वाकडी आहे. मुलीचा मामा ना तू? वरमाय हसेल. सरळ कर."

पडदा हलला. मामांनी टोपी सरळ केली असणार.

मी हसत होते आणि रडत होते. शिकलगारही गालात हसत होते. "आई झ्याक बोलत्यात," ते म्हणाले.

"आणि मुहूर्त चुकवू नका बाबांनो," आई पुढे म्हणाली. "तुझ्या दाजींना वेळेचं भान नाही. भटजींना घाई कर. कुणी येवो, न येवो, मुहूर्त टळायचा नाही. काय?"

"नाही टळायचा."

"बस्स. पाणी दे जरा."

चित्र कलंडलं. कॅमेरा बाजूच्या कपाटावर ठेवला होता. पडद्यावर आता सलाइनची दांडी आणि हिरव्या पडद्याचा तुकडा दिसत होता, बाकी काही नाही. तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग पेला पडल्याचा.

"अक्का?"

मग जोरात, "अक्का! सिस्टर! अहो सिस्टर!"

पळणारी पावलं. खुर्ची सरकली. कुणीतरी इंजेक्शन मागत होतं, कुणीतरी "बाजूला व्हा, बाजूला व्हा" म्हणत होतं. पडद्यावर फक्त ती दांडी थरथरत होती. शिकलगारांचं हसू तसंच अर्धवट चेहऱ्यावर राहिलं होतं. हे किती वेळ चाललं मला माहीत नाही. मग सगळे आवाज एकदम कमी झाले आणि एक पुरुष शांतपणे म्हणाला, "गेल्या."

मला वाटलं, हे दुपारचं आहे. खरंच सांगते, माझ्या मनाने पहिलं काम हे केलं. हे लग्नानंतरचं आहे, असं त्याने मला सांगितलं. कारण आईचं जाणं मला पाठ होतं. अक्षता पडल्या, मामा धावत हॉस्पिटलात गेले, तिच्या कानाशी वाकून "लागलं गं लग्न" म्हणाले, तिने हात जोडले आणि डोळे मिटले. हे मामांनीच सांगितलं होतं. मी ते सईला सांगितलं होतं, सासरी सांगितलं होतं, शेजारणींना सांगितलं होतं. आईवाचून जे काही दिवस मी काढले ते त्या एका गोष्टीवर काढले. ऐकून गेली. माझं सुख ऐकून गेली.

पण आईने आत्ताच म्हटलं होतं, मुहूर्त चुकवू नका.

"नातेवाइकांना बोलवून घ्या," पडद्यातली नर्स म्हणत होती. "यांचे मिस्टर कुठं आहेत?"

मग एक आवाज आला. तो मामांचा आवाज आहे हे मला ओळखावं लागलं.

"सिस्टर, एक विनंती आहे. आत्ता कुणाला कळवू नका. पलीकडं हिच्या मुलीचं लग्न आहे. थोड्या वेळात अक्षता पडतील. मग मी स्वतः येतो."

"अहो, असं कसं करता येईल?"

"कळलं तर सुतक लागेल. लग्न थांबेल. बाहेरगावचं स्थळ आहे, लोक काय काय बोलतील पोरीला. पाया पडतो मी तुमच्या."

"उठा, उठा. अहो, असं नका करू."

मग अगदी जवळून, कॅमेऱ्याच्या शेजारून, मामा म्हणाले, "अक्का, मी आलोच. लग्न लावून येतो."

शिकलगारांचा हात बटणाकडे गेला. "ताई, बंद करू?"

"नाही."

"ताई, नगा बघू."

"नाही म्हटलं ना!" मी त्यांच्यावर ओरडले. त्या गरिबाचा काय दोष होता?

धक्का बसला हे शब्द फार सभ्य झाले. मी ज्याच्यावर इतकी वर्षं उभी होते ते कुणीतरी अलगद काढून घेतलं. मला आईचं मरण नवीन नव्हतं. मला ते लग्नाच्या आधीचं, हे नवीन होतं.

पडदा हलायला लागला. कॅमेरा मामांच्या गळ्यात लोंबकळत होता. जिन्याच्या पायऱ्या, मामांच्या नव्या कोल्हापुरी चपला, धोतराचा काठ, रस्ता, शेण, सायकलचं चाक, पुन्हा चपला. सनई आधी बारीक ऐकू आली, मग मोठी होत गेली. रांगोळीवर पाय पडणार होता तो मामांनी चुकवला. तेवढ्यातही चुकवला.

"बटन बंद करायचं राहून गेलंय बघा," शिकलगार हळू आवाजात म्हणाले. "बटन एकच असतंय. दाबलं की चालू, पुन्यांदा दाबलं की बंद. एक दाब चुकला की फुडचं समदं उलटं."

"काय मामा!" पडद्यात कुणीतरी ओरडलं. माझ्या काकाचा आवाज. "कुठं होता? मुलीला आणायचं नाही का? भटजी बोंबलायला लागलेत."

"आलो, आलो."

मग पडद्यावर पिवळा काठ आला. अष्टपुत्रीची पिवळी साडी. मामांनीच आणलेली. तिच्याखाली मेंदी काढलेली दोन पावलं, पाटावरून उठून उभी राहणारी. माझी. गौरीहराशी तांदूळ सांडले होते, त्यातले काही माझ्या बोटांना चिकटलेले दिसत होते.

"मामा, आई कशी आहे?" मी विचारलं.

मला हे आठवत होतं. हे विचारल्याचं मला आठवत होतं.

"झोपलीय," मामा म्हणाले.

"आत्ता? माझ्या मुहूर्ताला?"

"शांत झोपलीय. उठवू नका म्हणाले."

"तिचं असंच! तिकडे माझ्यावर अक्षता पडतील आणि ही घोरत असेल." आणि मी हसले. मैत्रिणी हसल्या. दुकानभर माझं ते हसू घुमलं. मग माझा मेंदीचा हात पडद्याच्या कडेला आला आणि त्याने मामांचा हात धरला. "अगं बाई! मामा, हात किती गार पडलेत तुमचे! लग्न माझं आहे की तुमचं?"

पुन्हा सगळे हसले. मामाही हसले. बहिणीला पलंगावर तशीच ठेवून आलेला, टाकाच्या हत्याराला सुतकात बोट न लावणारा माणूस माझा हात धरून मला बोहल्यावर घेऊन निघाला आणि हसला.

पावलं चालली. पिवळा काठ, चपला सोडलेले मामांचे अनवाणी पाय, पाट. मंगलाष्टकांचा पहिला सूर लागला. कॅमेरा वर उचलला गेला, अंतरपाटाची पांढरी कड क्षणभर दिसली, बटण दाबल्याचा 'टक्' आवाज आला आणि पडद्यावर मुंग्या आल्या.

मामांनी शूटिंग सुरू केलं होतं.

शिकलगारांनी टीव्ही बंद केला नाही. त्या मुंग्यांकडे बघत बसलो आम्ही दोघं. मग ते उठले, माठातलं पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता बसून राहिले.

"ह्या कॅमेऱ्याला आवाजाचा भोंगा न्हाई," मग ते म्हणाले. "टीव्हीला जोडल्याबिगर आवाज येत न्हाई. भिंगात नुस्तं चित्र दिसतंय, ते बी काळं-पांढरं."

ते का सांगताहेत ते मला तेव्हा कळलं नाही. मी म्हटलं, "टीव्हीला जोडलेलं राहू द्या. हलवू नका. मी येते."

मिरजेला जाताना रिक्षात मी बोलायचं सगळं ठरवलं. तुम्ही मला हसू दिलंत. माझी आई तिकडे पडली होती आणि तुम्ही मला नथ सावरत, घास भरवत, उखाणा घेऊ दिलात. पंगतीत मी तिसरा उखाणा घेतला तेव्हा तुम्ही समोर उभे होतात. तुम्हाला कुणी अधिकार दिला? लग्न मोडलं असतं तर मोडलं असतं. आणि वर ती गोष्ट रचलीत, हात जोडले म्हणे, डोळे मिटले म्हणे.

मामा ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. शेजारची काकू मला बघून उठून गेली. मामांनी माझ्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. मेथीची जुडीसुद्धा मी सांगलीतच विसरले होते.

"कॅमेऱ्याचं कपाट उघडं होतं," ते म्हणाले. "सकाळीच कळलं मला."

"खीळ निघाली मामा."

त्यांनी मान खाली घातली. "चांगला कारागीर असला पाहिजे."

"मामा, आई आधी गेली होती."

"हो."

"आणि तुम्ही मला हसू दिलंत."

"हो."

मी नुसतंच म्हटलं, "का?"

"मुहूर्त टळायचा नाही म्हणाली होती. मी नाही टळायचा म्हटलं होतं. तिचं शेवटचं बोलणं ते. तुला सांगितलं असतं तर तू बोहल्यावर चढली असतीस का?"

"नाही."

"मग?"

"मग नसते चढले! पण माझी आई होती ती!"

"माझीपण बहीण होती," मामा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "पाप मला लागलंय, वैजू. सुतकात मंगलकार्य केलं. भर मांडवात उभा राहिलो. तुम्हाला कुणाला त्यातलं काही लागू नये म्हणून बोललो नाही. दाजींनाही नाही. तेव्हापासून देवाचा टाक हातात धरला नाही, कुणाच्या कार्याला पाऊल टाकलं नाही. मला कळतं मी काय केलं ते."

मी खांबाला धरून खाली बसले. रुसवा म्हणत होतो आम्ही त्याला. चेष्टा झाली म्हणून रुसलेत.

"पण एक खोटं बोललात ना," मी म्हटलं. मला कुठेतरी राग ठेवायला जागा हवी होती. "लागलं गं लग्न म्हणालो आणि तिने हात जोडले. ते तरी कशाला रचलंत?"

"ते रचलेलं नाही."

"मामा!"

"अक्षता पडल्या तसा मी गेलो," ते म्हणाले. "तोवर तिचं तोंड झाकलं होतं. पांघरूण बाजूला केलं. कानाशी वाकलो आणि म्हटलं, अक्का, लागलं गं लग्न. मुहूर्तावर लागलं. दोनदा म्हटलं. हात तिचे सिस्टरनी जुळवून ठेवलेच होते. डोळे मी मिटले. मी सांगितलं तिला वैजू. तिने ऐकलं नाही, एवढंच."

त्यांच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं. पट्टीच्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी उठून माझा पदर त्या पट्टीखाली धरला. दुसरं काय करणार होते?

"तेरावं झाल्यावर बघितलं ते भिंगातून," मामा म्हणाले. "एकदाच. तोंड हलताना दिसलं तिचं. आवाज येत नाही त्यात. काय बोलली ते आठवायचा प्रयत्न केला, मुहूर्ताचं तेवढं आठवलं, बाकी गेलं. फोडून टाकावं म्हटलं, हातोडा उचलला, पण ती होती आत. म्हणून खीळ घातली."

शिकलगार काय सांगत होते ते मला आता कळलं.

"उठा," मी म्हटलं.

"कुठं?"

"सांगलीला. रिक्षा दारात उभीच आहे."

"कशाला?"

"आवाज आलाय मामा. आई बोलतेय."

मामा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभे राहिले. मी त्यांचा हात धरला, तो गार होता. खुंटीवरची टोपी त्यांनी चाचपडत घेतली आणि डोक्यावर ठेवली. उंबऱ्याशी आल्यावर थांबले.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"नथ सांभाळ म्हणते," मी म्हटलं. "आणि तुमची टोपी वाकडी आहे म्हणते. मुलीचा मामा ना तू, वरमाय हसेल, सरळ कर."

मामांनी माझ्या हातातला हात सोडवून घेतला, वर नेला आणि दोन्ही हातांनी टोपी सरळ केली.